वंश आणि शेजार

उत्तन, पाली, चौक ही मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतली मासेमारीची गावे. पाहुण्याच्या नजरेत तिथे आधी भरतात ते बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. मुशीकडे फारसे कुणी पाहत नाही. पण गाभण मुशी कोळणीच्या कोयत्याखाली आली की एक वेगळीच गोष्ट उघडी पडते. घोळीसारखा मासा चिरला की पोटातून गाभोळी निघते, म्हणजे अंड्यांची पिशवी. या मुशीच्या पोटातून निघतात ती पुरती घडलेली पिल्ले, आईच्याच तोंडवळ्याची, आणि प्रत्येकाच्या छातीखालून निघून गर्भाशयाला जोडलेली नाळ. मासा, आणि त्याला नाळ! किनाऱ्यावर या गोष्टीचे कुणाला नवल नाही, कारण ती रोजची आहे. शास्त्राला मात्र तिचे नवल वाटायला हवे होते, आणि एकेकाळी ते वाटलेही. एका पेशीपासून अख्खा जीव कसा घडतो या प्रश्नाच्या शास्त्राला आज विकासजीवशास्त्र म्हणतात. पूर्वी त्याला भ्रूणशास्त्र म्हणत. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात या शास्त्राचा जो इतिहास घडला त्यात एक कोडे आहे. ज्या प्राण्यामुळे जगाचे लक्ष इथे वेधले जायला हवे होते, त्याच्या अभ्यासाची परंपरा टिकली नाही. आणि जगात कुठेही मिळणाऱ्या कोंबडीच्या अंड्यावर आणि फळमाशीवर इथे झालेले काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. असे का झाले? माझे उत्तर असे की संशोधकाचा प्रभाव त्याच्या शोधाच्या मोलावर जितका ठरतो, त्याहून अधिक तो त्याच्या वंशावर आणि शेजारावर ठरतो.

आधी मुशीकडे. काही मुशींची पिल्ले नाळेने आईला जोडलेली असतात हे अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. युरोपात अनेकांना ती दंतकथा वाटत राहिली. शेवटी १८४० च्या सुमारास जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी ती खरी असल्याचे दाखवले. भारतीय किनाऱ्यावर अशा मुशीची एक छोटी जात विपुल आहे: स्कोलिओडॉन. १९२८ मध्ये ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ या मालेत थिलयंपलम यांनी तिच्या शरीररचनेवर पुस्तिका लिहिली आणि देशभरच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या विच्छेदनाच्या ट्रेमध्ये ही मुशी कायमची येऊन बसली. मुंबईत तिला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या तेलाची आयात आटली, तेव्हा मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग सरकारी मदतीने उभा राहिला आणि मुशीचे प्रजनन हा सरकारच्या आस्थेचा विषय झाला. याच काळात मुंबईच्या मत्स्यखात्यातले एस. बी. सेटना आणि पी. एन. सरंगधर यांनी मुंबईच्या समुद्रातल्या मुशी आणि पाकट यांच्या प्रजननावर आणि भ्रूणविकासावर काम केले. ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात १९४८ आणि १९४९ मध्ये त्यांचे निबंध आले. त्यातला एक याच स्कोलिओडॉनच्या जीवनक्रमावर आणि भ्रूणविकासावर होता.

या मुशीचे वेगळेपण थोडक्यात असे. बहुतेक मुशींचे अंडे मोठे, बलकाने भरलेले असते. पिल्लाला पुरेल एवढी शिदोरी आई आधीच बांधून देते. स्कोलिओडॉनचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, म्हणजे राईच्या दाण्याएवढे. त्यात शिदोरी जवळजवळ नाहीच. त्यामुळे भ्रूण अगदी लहान असतानाच गर्भाशयाच्या भिंतीला जोडला जातो, आणि पुढची सगळी वाढ आईच्या रक्तावर होते. नाळेवर बारीक झुपक्यांसारखे तंतू फुटतात. सस्तन प्राण्यांनी जी युक्ती साधली ती माशाच्या एका कुळाने स्वतंत्रपणे साधली, आणि तीही फार टोकापर्यंत नेली. १९९३ मध्ये अमेरिकन भ्रूणशास्त्रज्ञ जॉन वूर्म्स यांनी नाळेने पिल्ले पोसण्याच्या प्रवृत्तीचे माशांमधले टोक म्हणून याच मुशीचे विवेचन केले. म्हणजे प्रश्न जागतिक दर्जाचा होता, प्राणी दाराशी होता, आणि त्याचे बारकाईचे वर्णन इथल्या माणसांनी केले होते.

तरीही त्यातून घराणे उभे राहिले नाही. यावर कुणी म्हणेल की हे अन्यायाचे बोलणे आहे; महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या स्कोलिओडॉनवर पुढेही अभ्यास झाले. खरे आहे. मॅथ्यू आणि देवराज यांचा १९९७ चा अभ्यास याच मुशीच्या जीवनाचा आणि संख्येच्या चढउताराचा आहे. पण त्या अभ्यासाचा प्रश्न वेगळा आहे. किती मुशी समुद्रात आहेत, किती लांबीला वयात येतात, किती पकडल्या तर चालेल, हे मत्स्यव्यवसायाचे प्रश्न आहेत. भ्रूण गर्भाशयाला कुठल्या खुणेने चिकटतो, आईचे शरीर त्याला परके समजून बाहेर का टाकत नाही, हे विकासाचे प्रश्न. सेटना-सरंगधरांच्या वर्णनातून हे दुसरे प्रश्न सहज निघत होते, पण ते पुढे नेणारी माणसे घडवण्याची सोय त्यांच्या जागेत नव्हती. सरकारी खाते परवाने देते, आकडेवारी ठेवते, मत्स्यालय चालवते, ते पीएच.डी.चे विद्यार्थी घडवत नाही. शिवाय मुशीचा भ्रूण काचेच्या बशीत जगवता येत नाही. वर्णनापाशी थांबायचे नसेल तर प्राण्यात हात घालता आला पाहिजे, आणि मुशी त्याला दाद देत नव्हती.

हात घालता येईल असा प्राणी पुण्यात सापडला, आणि तो कुणाच्याही परसात होता: कोंबडी. प्राणिशास्त्रज्ञ लीला मुल्हेरकर यांनी एडिनबरोला भ्रूणशास्त्रज्ञ सी. एच. वॅडिंग्टन यांच्याकडे संशोधन केले. जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये न्यूट या उभयचर प्राण्यांवर दाखवून दिले होते की भ्रूणाचा एक छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणात रोवला तर तो भोवतालच्या पेशींना वळण लावून दुसरा कणा आणि दुसरा मेंदू घडवतो. वॅडिंग्टन यांनी तोच विचार पक्ष्यांच्या भ्रूणात नेला. मुल्हेरकर यांचा १९५८ चा निबंध या मालिकेतला आहे: कोंबडीच्या भ्रूणात मधोमध जी आद्यरेषा उमटते, तिच्या बाजूच्या भागांतही असे वळण लावण्याची शक्ती असते का, हा त्याचा प्रश्न. १९६० मध्ये त्यांनी ट्रिपॅन ब्ल्यू या रंगाचा कोंबडीच्या भ्रूणावर काय परिणाम होतो हे मांडले. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी हे काम रुजवले.

ते कसे करतात हे जवळून पाहण्यासारखे आहे. कोंबडीचे अंडे सोळा-अठरा तास उबवायचे. मग मिठाच्या सौम्य द्रावणात फोडायचे, बलकावरचा पातळ पडदा भ्रूणासकट कापून सोडवायचा आणि घड्याळाच्या काचेसारख्या खोलगट बशीत पसरायचा. त्यावर काचेचे कडे ठेवून पडद्याच्या कडा कड्यावर ताणून दुमडायच्या, ढोलकीच्या पुडीसारख्या. ही रीत डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. आता भ्रूण डोळ्यांसमोर, उघड्यावर वाढतो. सुई, चिमटा आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या भांडवलावर त्याचा तुकडा काढता येतो, हलवता येतो, त्याला औषध पाजता येते. दीड दिवसाच्या सुमाराला हृदय धडधडू लागलेले दिसते. परकीय चलन मोजून मापून मिळण्याच्या काळात ही काटकसर नगण्य नव्हती. अंडे बाजारातून येत होते आणि हात तयार करणे गुरूच्या हाती होते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे उसने होते: प्रश्न जर्मनीचा, रीत इंग्लंडची, गुरू एडिनबरोचे. मग यात आपले काय? मला हा आक्षेप उलटा वाटतो. मुशीचा प्रश्न आपला होता, आणि तो सुकला. अंड्याचा प्रश्न उसना होता, आणि तो रुजला. ज्ञानात मालकी उगमावर ठरत नाही, मशागतीवर ठरते. मुल्हेरकर यांचे विद्यार्थी सुरेंद्र घासकडबी पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. कोंबडीच्या भ्रूणाबरोबरच त्यांनी हायड्रा हाताशी धरला. डबक्यातला हा इवलासा प्राणी कापला तरी पुन्हा पुरा होतो. ते अब्राहम ट्रेंब्ली यांनी अठराव्या शतकातच दाखवले होते. पुण्यात मिळालेल्या हायड्राचे रीतसर वर्णन घासकडबी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या वाणाच्या नावात पुणे आले. एडिनबरोहून आणलेले कलम दोन पिढ्यांत इथल्या डबक्यातल्या प्राण्यापर्यंत पोचले. परंपरा उसनी असण्याला हरकत नाही. ती निपुत्रिक असण्याला आहे.

आता या इतिहासातली सर्वांत ठसठशीत कारकीर्द. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म १९५३ चा, नैरोबीतला. आईवडील गोव्याचे, पूर्व आफ्रिकेत पोटापाण्यासाठी गेलेल्या असंख्य गोवेकरांपैकी. युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठात सुरू झालेले शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पुरे झाले. ओबैद सिद्दिकी यांचे शोधनिबंध वाचून त्यांनी सिद्दिकींना पत्र लिहिले आणि १९७७ मध्ये त्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. होमी भाभांनी १९६२ मध्ये सिद्दिकींना तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारायला बोलावले होते. जीवाणूंच्या जनुकशास्त्रात नाव झालेले सिद्दिकी तोवर अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्या सहवासातून फळमाशीकडे वळले होते. केळे पिकले की भोवती घोंघावणारी ही चिलटाएवढी माशी बाटलीत मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट यांच्या खळीवर वाढते आणि दहा-बारा दिवसांत तिची पुढची पिढी तयार होते. प्रश्न असा होता की वास आणि चव ओळखण्याची यंत्रणा कुठल्या जनुकांनी घडते.

रॉड्रिग्ज यांची युक्ती साधी होती. उपाशी माश्यांपुढे अगरच्या बशीत चवी मांडायच्या आणि एका चवीत लाल खाद्यरंग मिसळायचा. माशीला ती चव आवडली की पोट लाल होते. कोणी काय खाल्ले हे मोजायला डोळे पुरतात. वासासाठी दुफाटा असलेली काचेची नळी: एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा. हजारो माश्यांतून वेगळे वागणारी माशी निवडायची आणि तिचा दोष कुठल्या जनुकात आहे ते शोधायचे. सिद्दिकी आणि रॉड्रिग्ज यांचा या पद्धतीवरचा निबंध १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. १९८१ च्या निबंधात दोघांनी ठरावीक प्रकारच्या साखरेची चव न कळणारी माशी जगापुढे ठेवली. त्यानंतर जर्मनीत ट्युबिंगेन इथे किरणोत्सारी साखरेच्या मागाने माशीच्या मेंदूतली हालचाल टिपायचे तंत्र रॉड्रिग्ज यांनी आत्मसात केले आणि त्यातून १९८८ चा निबंध झाला: वेगवेगळ्या वासांनी मेंदूच्या वासकेंद्रातल्या वेगवेगळ्या जागा जाग्या होतात. वास ओळखणाऱ्या जनुकांचे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना उंदरात सापडले ते १९९१ मध्ये. माशीत तशी जनुके सापडायला १९९९ उजाडले.

इथून पुढे रॉड्रिग्ज यांनी जे वळण घेतले त्यामुळे त्या विकासजीवशास्त्रज्ञ ठरतात. माशी वास कसा घेते या प्रश्नावरून त्या मागे गेल्या: वास घेणारे हे अवयव मुळात घडतात कसे? माशीच्या शृंगिकेवर वासाचे सूक्ष्म केस तीन प्रकारचे असतात आणि त्यांच्याखाली सुमारे १२०० चेतापेशी. अळीच्या शरीरातल्या एकसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या चकतीतून, कोशाच्या काळात, हे तीन प्रकार आपापल्या जागी येतात. १९९७ आणि १९९८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की यातला एक प्रकार अटोनल या जनुकावर अवलंबून असतो, आणि दुसऱ्या दोघांत लॉझेंज या जनुकाच्या प्रथिनाची मात्रा निर्णायक असते. एकच द्रव्य, पण जास्त असले तर एक अवयव, कमी असले तर दुसरा. याच कामातला १९९७ चा ‘डेव्हलपमेंट’ नियतकालिकातला निबंध मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतो. एका आदिपेशीच्या विभाजनातून, म्हणजे वंशातून, अवयवाच्या पेशी येतात एवढेच पुरेसे उत्तर नव्हते. आदिपेशी निवडली जाते, ती शेजारच्या पेशींना खूण करते, शेजारी तिच्याभोवती जमतात, आणि मग अवयव घडतो. वंश आणि शेजार, दोन्ही लागतात.

पेशींवरून माणसांचे अनुमान काढणे धोक्याचे, हे मान्य. पण इथे मी पुरावा म्हणून नव्हे, प्रश्न विचारण्याची रीत म्हणून हा निष्कर्ष वापरतो. एखाद्या संशोधकाच्या बाबतीत विचारावे: त्याच्या हाताखालून कोण गेले, आणि त्याच्या आसपास कोण होते? कुलाब्यात रॉड्रिग्ज यांना दोन्ही मिळाले. वर सिद्दिकी होते. शेजारी फळमाशीच्या चेतासंस्थेवर आणि स्नायूंवर काम करणारे के. एस. कृष्णन आणि के. विजयराघवन होते. हाताखालून कृशानू रे, भगवती गुप्ता, वेणुगोपाल रेड्डी यांसारखे विद्यार्थी गेले. त्यातले कुणी त्याच संस्थेत राहिले, कुणी जंताच्या तर कुणी थेट वनस्पतीच्या विकासाकडे वळले. आयुष्याची अखेरची वर्षे रॉड्रिग्ज यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काढली. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले. एखाद्या वासाची माशीला सवय कशी होते यावरचा, त्यांचे नाव असलेला निबंध त्यानंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सेटना-सरंगधरांचे काम कमी प्रतीचे नव्हते. त्यांच्या वाट्याला वंशही आला नाही आणि शेजारही.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. प्रभाव मोजायचा तर नोबेल पाहावे, निबंधांचे उल्लेख मोजावेत. विद्यार्थ्यांची नावे घेणे म्हणजे कौतुकसोहळा. उल्लेखांची मोजणी उपयोगी आहे, पण ती फक्त छापलेला शोध मोजते. माश्यांच्या पोटाच्या रंगावरून चव ओळखण्याची नजर, पडदा न फाटता कड्यावर ताणण्याचा हात, अपयशी प्रयोग कधी सोडायचा याचे भान, या गोष्टी निबंधात छापता येत नाहीत. त्या शेजारी बसून शिकाव्या लागतात. गाण्यात आपण हे सहज मानतो. बंदिश वहीत उतरवता येते, ती गायची कशी ते तालमीतच कळते. प्रयोगाच्या शास्त्रात ते मानायला आपण का कचरतो, कळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे. देशापुढे इतके प्रश्न असताना माशीच्या शृंगिकेवरचे केस मोजून काय मिळाले? एक उत्तर तयार आहे: लॉझेंज हे जनुक ज्या कुटुंबातले, त्याच कुटुंबातल्या माणसाच्या एका जनुकातला बिघाड रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेला आहे. पण या उत्तरावर मी भिस्त ठेवणार नाही, कारण रॉड्रिग्ज यांनी ते काम त्यासाठी केलेले नव्हते. खरे उत्तर असे की मूलभूत प्रश्नाची तालीम झालेली माणसे असली तर स्थानिक प्रश्न उचलता येतो. ती नसतील तर दाराशी असलेला प्रश्नही तसाच पडून राहतो. मुशीचा पडून आहे. त्याची किंमत उत्तनच्या किनाऱ्यावर मोजली जाते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्यात लोटायच्या हा कोळ्यांचा जुना रिवाज, आणि बंदीचा कायदा बराचसा त्याच चालीवर चालतो. पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशांना त्याचा आधार मिळतो, यात शंका नाही. पण स्कोलिओडॉन एका हंगामात लाखांनी अंडी सोडत नाही. ती पाच-सहा महिने पिल्ले पोटात वागवते आणि एका वेळी फार तर दीड-दोन डझन पिल्लांना जन्म देते. अशा प्राण्याला कसे जपायचे याचा निर्णय त्याच्या गर्भाशयात काय घडते हे जाणणाऱ्याला विचारूनच घ्यायला हवा. १९४८ मध्ये मुंबईत ती जाण होती. मुंबई, पुणे आणि किनाऱ्यावरच्या विद्यापीठांनी सेटना-सरंगधरांचे निबंध पुन्हा उघडून त्यांना विद्यार्थी मिळवून द्यावेत. प्राणी आजही मिरा-भाईंदरच्या धक्क्यावर उतरतो आहे. वर्षातला कुठलाही महिना घ्या, या मुशीची मादी गाभण सापडते. बंदी ६१ दिवसांची आहे.